गणिताचा कोपरा भाड्याने

देह गेलेल्या मनांना राहायला जागा लागते, म्हणून विश्वंभर टिपणीसांनी आपल्या मेंदूतला गणिताचा कोपरा भाड्याने द्यायला काढला. घरमालक व्हायची पहिलीच वेळ. त्यांनी भाडेकरूशी बोलायचं यंत्र कानाला लावलं.

"मांसाहार?" त्यांनी दरडावून विचारलं.

"मला तोंडच नाही," कानात उत्तर आलं. "विश्वंभर ना तू? मी पाटणकर बाई. संध्याकाळपर्यंत जागा मिळाली नाही, तर मला पुसून टाकतील रे."

टिपणीसांना घाम फुटला. याच बाईंनी त्यांना नववीत गणितात दोनदा नापास केलं होतं.

"आधी जागा बघून घ्या," ते पुटपुटले.

बाई डोक्यात हिंडून आल्या. कुठे पाढा नाही, सूत्राचा डाग नाही.

"अरे, केवढी स्वच्छ जागा!"

बाईंकडून हे पहिलंच कौतुक. टिपणीसांची छाती फुगली.

"आयुष्यभर हात लावला नाही, बाई. या राहायला!"