ठमीची नखं

कुंदानं बाळाच्या उशाखालचा अडकित्ता हळूच ओढून काढला आणि कानोसा घेतला. मोरीत सासूबाई पाटा घासत होत्या. आज बाळाची पाचवी, संध्याकाळी त्याच पाट्यावर सटवाई मांडायची होती. पाटा खसाखसा वाजतोय तोवर इकडे कोणी फिरकत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

बाळाच्या उशाखालचं लोखंड बारशापर्यंत हलवायचं नाही, असा दम सासूबाईंनी पहिल्याच दिवशी भरला होता. आणि ही बया ते काढत होती कशासाठी, तर मांजरीची नखं कापायला.

पण दुसरं करणार तरी काय बिचारी? सकाळी ठमीनं बाजेवर उडी मारली. मनात काही वाईट नव्हतं हो तिच्या. कुंदाच्या कुशीतली जागा इतकी वर्षं तिची, तिथं हे कोण नवीन येऊन पडलंय ते बघायला गेली असेल. पण नख लागलं आणि बाळाच्या गालावर केसाएवढी लाल रेघ उठली. बाळ जेमतेम दोनदा रडलं असेल, सासूबाईंनी मात्र अख्खी चाळ डोक्यावर घेतली. धाकट्या दिराला, नंदूला हुकूम सुटला: कामावरून आलास की हिला गोणीत घाल, सायकलला बांध आणि दहिसरच्या नदीपलीकडे सोडून ये. गोणी दाराशी काढूनसुद्धा ठेवली होती.

नखंच नसली तर सोडायला कारणच उरत नाही, असं कुंदानं मनाशी धरलं होतं. कात्री सासूबाईंच्या ट्रंकेत, आणि बाजेवरून उठायची तिला बंदी. हाताशी होता तो हा अडकित्ता.

"ये गं ठमे," ती कुजबुजली.

ठमी आली आणि मांडीवर पसरली. कुंदानं पंजा दाबला तशी नखं बाहेर आली. पांढरं टोक आणि आत गुलाबी रेघ. टोकाला अडकित्ता लावून तिनं भीतभीतच दाबला. कट्. ठमीनं नुसता कान हलवला. मग दुसरं, मग तिसरं. एक पंजा झाला. बाळंतपणाचा अशक्तपणा अजून अंगात होता, अडकित्ता नीट धरवेना. दुसऱ्या पंजाचं शेवटचं नख खोलवर कापलं गेलं. ठमी कळवळली. रक्ताचा थेंब लुगड्यावर पडला. चावायचा तिला हक्क होता, पण चावली नाही. पंजा ओढून घेतला आणि तोंड कुंदाच्या पदरात खुपसलं. कुंदाला रडूच आलं.

मोरीतला आवाज कधी थांबला ते तिला कळलंच नाही.

"काय चाललंय गं?" सासूबाई, रुक्मिणीबाई, ओल्या हातांनी दारात उभ्या होत्या. त्यांनी मांजर बघितली, अडकित्ता बघितला, मग बाळाची उशी. "लोखंड काढलंस? पाचवीच्या दिवशी? पोटच्या पोराच्या उशाखालचं, या मांजरीसाठी?"

"आता नाही ओरबाडायची ती, आई. बघा ना, पुढची सगळी काढली. मागचीच राहिलीत."

"डोकं फिरलंय तुझं. येऊ दे नंदूला."

सासूबाईंनी बोलावं आणि कुंदानं ऐकून घ्यावं, असंच या घरात चालत आलं होतं. आज मात्र तिच्यानं राहवेना.

"बाळ नव्हतं तेव्हा हिच्याशिवाय कोण होतं मला? शेजारणी बारशाला बोलवायच्या नाहीत. तुम्ही ह्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघायचं बोलायला लागला होतात, आई. तेव्हा हिला पोटाशी घेऊन झोपायचे मी. पोटाशी काहीतरी ऊब लागायची म्हणून. आता बाळ झालं, तर हिला नदीपलीकडे टाकू?"

दुसऱ्या मुलीचं रुक्मिणीबाईंनी बोलून दाखवलं होतं, तेही कुंदाच्या देखत. त्या आत गेल्या. आता बाहेर येऊन काय करतात या धास्तीनं कुंदा ठमीला घट्ट धरून बसली.

त्या आल्या त्या चिमटीत हळद घेऊन. ठमीच्या दुखऱ्या नखावर ती दाबली आणि बाजेच्या कडेला टेकून अडकित्ता काढून घेतला.

"तुझ्या हाती राहिली तर लंगडी होईल मेली. मी रोज सुपारी कातरते. धर तिला नीट."

मागची नखं त्यांनी भराभरा उडवली. मग अडकित्ता धुऊन, पदरानं पुसून बाळाच्या उशाखाली सरकवला. सुनेकडे त्यांनी बघितलं नाही. कुंदालाही त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

खाली सायकलची घंटी वाजली. नंदू वर आला आणि दाराशीच त्यानं गोणी उचलली.

"कुठंय ती, वहिनी? उजेड आहे तोवर जाऊन येतो."

"ठेव ती खाली," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"का? सकाळी तूच तर एवढी मागे लागली होतीस."

"आज पाचवी आहे."

"बरं, मग उद्या नेतो."

रुक्मिणीबाई बाळाचं दुपटं सारखं करत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "धाकटं आलं म्हणून थोरलीला कोणी टाकतं होय रे?"