कोरं हेल्मेट

खाणीच्या तोंडाशी खिसे तपासणाऱ्या लटारीनं युनियनच्या अध्यक्षालाही थांबवलं. खाली एक ठिणगी पडली तर अख्खी पाळी जळून जाईल, हे त्याला याच पोचूभाऊनं शिकवलं होतं, एका काडेपेटीपायी कानफटात देऊन. तेव्हा पोचूभाऊ स्वतः कोळसा भरायचा.

आता त्याच्या गळ्यात पक्षाचा दुपट्टा होता. हेल्मेटांसाठी पुकारलेला संप त्यानं कालच गुंडाळला होता. सरकार आपलंच आलं, आता भांडायचं कोणाशी, म्हणे! आणि आज कोरं हेल्मेट चढवून, फोटोवाल्याला घेऊन, स्वारी कामगारांसोबत खाली उतरायला आली होती.

लटारीच्या हाताला त्याच्या खिशात लायटर लागला.

"भाऊ, तुम्ही? अन् लायटर घेऊन?"

"अबे, खाली मराले कोण जाते? फोटो झाला का निघालो मी."

लटारीनं लायटर त्याच्या खिशात परत ठेवला. मग त्याच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवून ते कोरं हेल्मेट उचललं आणि मागं रांगेत तडकलेलं हेल्मेट सुतळीनं बांधून उभ्या असलेल्या माणसाच्या हाती दिलं.

"काढा आता फोटो," लटारी फोटोवाल्याला म्हणाला.