लाल कॉर्व्हेटची उचकी

किल्ली फिरवायच्या आधी बर्नी नोवाकने दोन्ही तळवे पँटला पुसले. शेजारच्या सीटवर त्याचा मुलगा कर्ट श्वास रोखून बसला होता.

"फिरवा ना, बाबा. चावत नाही ती."

बर्नीने किल्ली फिरवली. सदुसष्ट सालची लाल कॉर्व्हेट गुरगुरली, जराशी अडखळली आणि मग भरदार आवाजात गाऊ लागली. मधेच तिला तीच जुनी उचकी लागली. अशी उचकी लागली की बर्नीची बायको डोलोरेस म्हणायची, "कुणीतरी आठवण काढतंय हिची." आता डोलोरेसच राहिली नव्हती. बर्नीने डोळे मिटून तो आवाज ऐकला. त्याला भरून आलं.

"कसं वाटतंय?" कर्टने विचारलं.

"तिचाच आवाज," बर्नी म्हणाला.

बाप-लेकात कित्येक वर्षं हवापाण्यापलीकडे बोलणं नव्हतं. कर्टने बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी धरली तेव्हा बर्नीचं डोकं फिरलं होतं. डेट्रॉइटमध्ये इंजिनं जोडण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. "फ्रीजला चाकं लावून त्याला गाडी म्हणतोस?" तो ओरडला होता. "आधी एखादं इंजिन गातं करून दाखव. मग मानेन तुला गाड्यांतलं कळतं." कर्ट जेवण अर्धं टाकून उठून गेला होता. शब्द तोंडातून गेला तो गेला. परत घ्यायचा कसा, हे बर्नीला कधी जमलं नाही.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर बर्नीने रेडिएटर धुतला, तात्पुरतं नळाचं पाणी भरलं, आणि दुसऱ्याच दिवशी छातीत कळ येऊन दवाखान्यात जाऊन पडला. मिशिगनच्या थंडीत इंजिनात साधं पाणी ठेवणं म्हणजे आपल्या हाताने घात करणं; ते गोठून फुगतं आणि इंजिन तडकतं. घरी परतल्यावर त्याने गॅरेजचं दारसुद्धा उघडलं नाही. बर्फ वितळल्यावर कर्टच न बोलावता आला आणि गाडी घेऊन गेला.

"चीर फार मोठी नव्हती," कर्ट आता खिडकीबाहेर बघत म्हणाला. "भरून घेतली."

"हं," म्हणत बर्नीने क्लच सोडला.

ऑगस्टातला शनिवार होता, जुन्या गाड्यांच्या वार्षिक फेरीचा. वुडवर्ड रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते आणि जुन्या गाड्यांची रांग संथ चालली होती. ऊन कललं होतं. लाल बॉनेटवरून झाडांच्या सावल्या एकामागून एक सरकत होत्या. बर्नीला वाटलं, आपण गाडी चालवत नाही, तरंगतो आहोत. पूर्वी या रस्त्यावर इंजिनाच्या धगीने पाय भाजून निघायचे. डोलोरेस चपला काढून पाय वर घेऊन बसायची आणि बेसूर गायची. लहानगा कर्ट गाडीची उचकी टेप करून पुन्हापुन्हा ऐकायचा. आज पायाला चटका नव्हता, हाताला थरथर नव्हती. सगळं स्वप्नात चाललं होतं आणि त्याला जागं व्हायचं नव्हतं.

"हिला अजून कुणी भारी म्हणेल का हो, बाबा?" कर्टने विचारलं. "की नुसतीच म्हातारी?"

"मला काय विचारतोस? बायको देखणी आहे का, हे नवऱ्याला विचारतं का कुणी?"

सिग्नलला शेजारी एक बॅटरीवाली गाडी निमूट येऊन थांबली. हिरव्या केसांच्या एका मुलीने काच खाली केली.

"आजोबा, एकदा इंजिन रेस करा ना! प्लीज!"

बर्नीने पाय दाबला. कॉर्व्हेट गरजली, उचकली, पुन्हा गरजली. मुलीने छातीवर हात ठेवला. "कसली भारी आहे!"

बर्नी लाजला. कर्ट आपल्या बुटांकडे बघत राहिला.

हॉटडॉगच्या दुकानापाशी डच बसला होता, बर्नीचा कारखान्यातला जुना सोबती.

"मेला नाहीस अजून?"

"तुझ्या आधी? शोभतं का ते, लेका?"

डच खुर्चीतून कण्हत उठला. वुडवर्डवर गाडी थांबली की बॉनेट उघडायचं आणि चारचौघांनी आत डोकावायचं, ही रीतच. "उघड. बघू दे पोराने काय दिवे लावलेत."

"नको, नको," कर्ट घाईने म्हणाला. "तापलंय फार."

"राहू दे," बर्नी म्हणाला. "ऑपरेशन झालंय तिचं. टाके काय दाखवायचे?"

डचने कान टेकवून ऐकलं. "वा! नाहीतर त्या बॅटरीवाल्या. फ्रीजला चाकं, तूच म्हणतोस ना? पण काय रे, ही उचकी तर तू डोलोरेसच्या साठीला काढून टाकली होतीस."

कर्टचा चेहरा उतरला.

"परत लागली," बर्नी म्हणाला. "म्हातारपण, दुसरं काय. आणि ते फ्रीजचं आता बास कर, जुनं झालं."

घरी आले तेव्हा तिन्हीसांज झाली होती. गाडी गॅरेजात शिरली, आवाज थांबला. दोघंही बसून राहिले.

"कर्ट, तुला गाड्यांतलं कळतं रे," बर्नी म्हणाला. "मीच गाढव. उगाच इतकी वर्षं घालवली."

कर्टने डोळे पुसले. "बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय..."

"आज नको. उद्या जेवायलाच ये. मग पुन्हा चक्कर मारू."

"उद्या? मग... मी जरा थांबतो. तुम्ही झोपा जाऊन, मी हिच्याकडे बघतो थोडं."

"दमलास तू. नीघ. मी बघतो तिचं."

कर्ट घुटमळत, मागे वळून बघत गेला. त्याच्या गाडीचे लाल दिवे कोपऱ्यावर दिसेनासे होईपर्यंत बर्नी दारात उभा राहिला. मग आत येऊन त्याने बर्फ ढकलायच्या यंत्रामागे पोराने पोत्याखाली दडवलेली जाड वायर ओढून काढली, पेट्रोलचं झाकण उघडलं आणि गाडी चार्जिंगला लावली.