ज्याचं त्याचं ॲप

"मामा, तुमच्या फोनात लग्न जुळवायचं ॲप आहे," अश्लेषा म्हणाली.

सावळाराम ओट्यावर सुपातले तांदूळ निवडत होते. सुनेकडे न बघताच म्हणाले, "माझं न्हाई. सोमनाथचं हाय."

अश्लेषा हसू दाबत लॅपटॉपकडे वळली. पुण्यातल्या एका कंपनीचं काम ती हिर्डोशीत बसून करायची. कंपनीने एक टूल बनवलं होतं. फोनमधल्या एआय एजंटने, म्हणजे आपल्या सांगण्यावरून फोनची कामं उरकणाऱ्या मदतनिसाने, विचारताच या फोनात कोणकोणती ॲप्स आहेत त्याची यादी हे टूल एपीआयवरून, म्हणजे दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायच्या वाटेने, देणार. ते कसं वापरायचं, हे लिहून काढणं अश्लेषाकडे होतं. लिखाणात नमुना हवा, आणि नमुन्याला खरा फोन. तिच्या स्वतःच्या फोनात मोजकी शहाणी ॲप्स. मामांच्या फोनात मात्र अख्खी वाडी नांदत होती.

कारण वाडीत रेंज एकाच जागी, याच ओट्यावर. ज्याला जे काम पडेल तो येऊन मामांच्या फोनात ॲप टाकून घेई, काम उरकी आणि चहा पिऊन जाई. ॲप मागे राही.

"आणि हे गरोदरपणाचं?"

"सोमनाथच्याच बायकूचं. लगीन जुळलं म्हनल्यावर पुढचं लागलंच की."

"पेन्शनचं?"

"अंबूबाई."

"आणि बुद्धिबळ?"

"शेजारच्या वैष्णवीचं. शाळेत लावलंय तिला." मामांनी एक खडा चिमटीत धरून अंगणात भिरकावला.

तेवढ्यात सोमनाथच लेकीला कडेवर घेऊन आला, गॅसचा नंबर लावायला. अश्लेषाने त्याला सोडलं नाही.

"काय हो भावजी, पोरगी चालायला लागली आणि लग्नाचं ॲप अजून तसंच? दुसरं करताय की काय?"

"वैनी, हळू बोला, घरापतूर ऐकू जाईल," सोमनाथ म्हणाला. "म्या कवाच काढा म्हनलं. हे आबाच म्हनले, ऱ्हाऊ दे."

"कुनाला कधी लागंल, सांगता येतं व्हय," मामा म्हणाले.

अश्लेषाने लिहिलं: 'हे टूल कोणतं ॲप आहे ते सांगतं. ते कुणी टाकलं आणि कशासाठी, हे सांगत नाही. यादीवरून फोनच्या मालकाविषयी एजंटने अंदाज बांधू नये.' आणि ते मंदारला तपासायला पाठवलं.

मंदार तिचं लिखाण तपासायचा. गेल्या वर्षी तो दुसऱ्या विभागातून स्वतः मागून या कामावर आला होता. त्याचं उत्तर लगेच आलं. 'शेवटचं वाक्य अजिबात काढू नकोस. लाख मोलाचं आहे.' आणि खाली, 'आज तरी घरी सांगणार आहेस का?'

तिथेच तर गाडं अडलं होतं. मंदारने तिला लग्नाचं विचारलं होतं, आणि तिच्या मनात होकार होता. तोंडात येत नव्हता.

मामांचा बंडू, तिचा नवरा, पाच वर्षांपूर्वी घाटात टेम्पो उलटून गेला. भोरहून तिचे वडील तिला न्यायला आले. मामांनी तिला अडवलं नाही, आग्रहही केला नाही. "जायचं तर जा, ऱ्हायचं तर ऱ्हा. पन कॉम्प्युटरचं शिकनं आर्धं टाकू नगंस," एवढंच म्हणाले. ती राहिली. मग शिक्षण पुरं होईस्तोवर रोज अंधारात मामा पुढे बॅटरी धरून चालत आणि ती मागून, थेट एसटीपर्यंत. लोक म्हणायचे, सून गुणाची, म्हाताऱ्याला टाकून गेली नाही. कोण कुणाला सांभाळत होतं ते अश्लेषाला ठाऊक होतं. काही उपकार असेच असतात. फेडायला जावं तर आणखी चढतात. अशा माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की मी आता दुसऱ्या घरी चालले?

दिवेलागणीला मामा फोन घेऊन ओट्याच्या टोकाला जाऊन बसत. त्या वेळी कुणी हाक मारलेली त्यांना खपत नसे. वाडीची कामं, म्हणत. त्या दिवशी ते फोन घेऊन उठले आणि अश्लेषा आडवी आली.

"मामा, बोलायचं होतं."

कंपनीतला एक जण आहे, मला विचारलंय, मलाही पटलाय. एका दमात सगळं सांगून ती जमिनीकडे बघत राहिली.

मामा चिडले नाहीत की हबकले नाहीत. फोन बंडीच्या खिशात ठेवून पुन्हा खाली बसले. आईबाप कुठं असतात, हितली थंडी सोसंल का त्याला, असलं काहीबाही विचारलं. मग म्हणाले, "तुला मनापास्नं हाय न्हवं? कुनी भरीस तर न्हाई घातलं?"

"नाही मामा. माझं मीच ठरवलंय."

"मग बोलव रविवारी."

"पण तुमचं कसं होईल?"

"माझं काय व्हायचंय? आख्खी वाडी हाय की माझ्या फोनात."

ती पाया पडायला वाकली ती लवकर उठलीच नाही. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि, "भात लाव आता," म्हणाले.

रविवारी मंदार मोटारसायकलवरून आला. वाडीचा रस्ता त्याला फोनवरून तिनेच समजावून दिला होता. मामा कमी बोलतात, आपण जास्त बोलू नये, पाया पडून गप्प बसावं, हेही बजावलं होतं. चहाचा ट्रे धरून ती दारात उभी राहिली.

मंदार पाया पडला. पण गप्प बसला नाही.

"आबा," तो म्हणाला, "परवापासून माझा वजीर कोंडून ठेवलाय तुम्ही."

सावळारामांनी सूप बाजूला सारून त्याला ओट्यावर जागा केली.

"बस. सोमनाथच्या त्या ॲपवर गाठ पडली तवाच म्हनलं व्हतं, ती आपल्या तोंडानं सांगंस्तवर हितं पाय ठिवायचा न्हाई, वरीसभर ऱ्हायलास खरा."