उतारावरची गाडी

पळस्प्याकडे एकाच उतारावर दोन भावांची घरं होती, वर थोरले अप्पा आणि खाली धाकटे नाना. कुंपणाच्या वादावरून दोघांचं बोलणं बंद होतं, ते इतकं की नानांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकाही वर चढली नाही. पण लग्नाच्या सकाळी अप्पांची नवी गाडी, उभ्या आळीत एकुलती एक आपोआप गिअर बदलणारी, नानांच्या फाटकाला टेकून उभी होती. नाना तरातरा वर गेले आणि म्हणाले, "अप्पा, वरातीला गाडी पाठवलीस, बरं वाटलं. चल आता." अप्पांनी खुलासा केला नाही, ते निघाले. तेव्हापासून संध्याकाळचा चहा एकत्र होऊ लागला. आज त्याच चहाला कंपनीचा माणूस येऊन बसला. "या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्यात, काका. गिअरबॉक्सचा एक पार्ट सदोष निघालाय. पार्क गिअरमध्ये लावलेली गाडीसुद्धा उतारावरून निघून जाते. तुमची गेली होती का कधी?" "छे," अप्पा कपाकडे बघत म्हणाले, "आमची गाडी पाठवल्याशिवाय कुठे जात नाही." "गेली होती, लिहून घ्या," नाना म्हणाले. "आणि पार्ट बदला. खाली पोरं खेळतात." अप्पांचा कप बशीत वाजला. "म्हणजे तुला माहीत होतं?" "दारं लॉक होती, अप्पा. लॉक केलेली गाडी कोण पाठवतं? मी भांडायलाच वर आलो होतो. बघतो तर तू, न बोलावता, फेटा बांधून ओट्यावर बसलेला."