रुग्णाला माहीत नाही

वेनपिंगने चिठ्ठी नर्सच्या हातात कोंबली आणि मागे वळून पाहिलं. बाबा बाकावरच होते, जाड कापडी पिशवी उराशी धरून. त्यांचं लक्ष नव्हतं.

“डॉक्टरबाईंना आधी द्या. आम्हाला आत बोलवायच्या आधी.”

नर्सने चिठ्ठी न उघडताच मान डोलावली. अशा चिठ्ठ्या तिच्याकडे रोज येत असणार.

मुंग्यांच्या रांगेसारख्या बारीक अक्षरात त्याने लिहिलं होतं: ‘रुग्णाला माहीत नाही. अल्सर आहे असं सांगितलंय. दुसरा शब्द कृपया काढू नये.’

आठ महिने त्याने तो शब्द घरात येऊ दिला नव्हता. मॉर्फिनच्या गोळ्या तो जीवनसत्त्वाच्या बाटलीत भरायचा आणि मूळ वेष्टनं ऑफिसच्या कचऱ्यात टाकायचा. त्याच्या मामाला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. मामाने भिंतीकडे तोंड केलं, जेवण सोडलं आणि तीन आठवड्यांत गेला. बाबांचं तसं होईल, या भीतीने वेनपिंगचा घास घशाखाली उतरत नसे.

पण गोळ्यांनी दुखणं झोपवलं आणि आतडीही झोपवली. सोनामुखीचा काढा झाला, मध झाला, उकडलेली रताळी झाली, एनिमा झाला. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बाबा रोज नोंद करत. जन्मभर बस डेपोच्या पाट्या रंगवलेला माणूस. अक्षर मोठं, चौकोनी, प्रत्येक रेघ ताठ. ‘सातवा दिवस. काही नाही.’ नवव्या दिवशी उलट्या झाल्या. त्यांच्या यीचांग शहरातले डॉक्टर बाबांच्या समोरच म्हणाले, “हे तर त्या गोळ्यांमुळे...” वेनपिंगने मुद्दाम पाण्याचा पेला खाली पाडला, म्हणून वाक्य तिथेच राहिलं.

तेव्हापासून तो फोनवर शोधत होता. संशोधनाचे अर्धेमुर्धे कळणारे लेख वाचत होता. शेवटी वुहानच्या डॉक्टर फेई सापडल्या. दुखणं थांबवणाऱ्या औषधांनी होणारं बद्धकोष्ठ, एवढंच त्या बघायच्या. दुखणं दबलेलंच ठेवून फक्त आतडी मोकळी करणाऱ्या एका नव्या औषधाची चाचणीही त्यांच्याकडे चालू होती.

बाबा महिनाभर अडून बसले होते. “लोक वुहानला नोकरीला जातात. मी काय हगायला जाऊ?”

मग गेल्या आठवड्यात अचानक तयार झाले. अट एकच, वेनपिंगनेही आत यायचं.

“कंबर कशी आहे?” आता बाकावर त्यांनी विचारलं.

“गादी सरकली की दुखणारच. स्यूलान देते ना गोळ्या, बरं वाटतं.” स्यूलान त्याची बायको. गोळी ती त्याच्या तळहातावरच ठेवायची.

“पट्ट्याला नवं भोक पाडलंस वाटतं?”

“तुमच्या काळजीने वाळलो.”

“हो हो, सगळं माझ्यावरच घाल. जा, गरम पाणी भरून आण.”

तो थर्मास भरून परतला, तर बाबा डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडत होते.

“आत कशाला गेला होतात?”

“मुतारी कुठे ते विचारायला. एवढा पांढराफटक का पडलास?”

नाव पुकारलं गेलं. डॉक्टर फेई पन्नाशीच्या, मऊ आवाजाच्या. “आजोबा, अल्सरची औषधं पोट कोरडं करतात. आपण ते सोडवू,” त्या म्हणाल्या. वेनपिंगने रोखून धरलेला श्वास सोडला. मग नर्स बाबांना एक्स-रेला घेऊन गेली.

“ते नवं औषध?” त्याने घाईने विचारलं.

“देता येईल. पण चाचणीत यायचं तर रुग्णाला सगळं सांगावं लागतं. सही त्याची स्वतःची.”

“मग नको.”

“विचार करा. औषध चांगलं आहे.”

“नको म्हणतो ना!” त्याचा आवाज चिरकला. “मी फार घाबरलोय, डॉक्टर. कळलं तर माणूस जगायचंच सोडतो. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“तुमच्यावर ही वेळ आली असती तर?”

“मलाही नका सांगू,” तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला.

त्यांची नजर त्याच्या पट्ट्याच्या नव्या भोकाकडे गेली. “तुमचं स्वतःचं पोट साफ होतं का?”

“पाच दिवस झाले. काळजी, प्रवास, दुसरं काय!”

“हं. मग ही पावडर दोघंही घ्या. सकाळी एक पुडी, भरपूर पाण्याबरोबर.” त्या हात धुवायला बेसिनकडे वळल्या.

चिठ्ठी परत घ्यायची, हा त्याचा नियम. मागे राहिली आणि बाबांच्या नजरेस पडली तर? टेबलावर पेनांच्या डब्याखालून एका घडीचं टोक दिसत होतं. त्याने ती हळूच ओढून खिशात टाकली.

बाहेर बाबा बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते. बाबांना काळजी नको म्हणून आपली पावडर साखरेच्या डब्यात लपवता येईल, असा हिशेब करत वेनपिंग कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी गेला. फाडण्याआधी खात्री करावी म्हणून त्याने घडी उलगडली.

अक्षर मोठं होतं, चौकोनी, प्रत्येक रेघ ताठ.

‘रुग्णाला माहीत नाही. कंबरेची गादी सरकली आहे असं सांगितलंय. तो माझा मुलगा आहे.’