तिसरा पेला

पहिल्या पेल्याला पाच गुण पडले, दुसऱ्याला सात. आता तिसरा.

तिन्ही पेल्यांत सोयाबीनचं दूध होतं. वर नुसते आकडे. कुठलं दूध कुठल्या वाणाचं, हे बंद पाकिटात. पण टेबलाशी बसलेल्या संशोधक बाईंनी तिसरा पेला नुसत्या रंगावरून ओळखला. अकरा वर्षं वाढवलेलं लेकरू गर्दीत पाठमोरंही ओळखू येतं.

त्या थंड मुलखात उन्हाळा आखूड. तीनशे वाणांपैकी पहिलं हिम पडायच्या आत पिकले ते तीनच, आणि त्यांत बाईंचा सगळ्यांच्या नऊ दिवस पुढे. पण नुसतं लवकर पिकून भागत नव्हतं. हे बी माणसांच्या ताटात जायचं होतं, गुरांच्या गव्हाणीत नाही. दुधाला कच्चा वास आला की वाण बाद. आज तिघांतला एकच पुढे जाणार होता. बाकीचे दोन बासनात.

वासाचा निवाडा नाकसाहेबांचा. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. तीस वर्षांत त्यांच्या गुणांवर कोणी ब्र काढला नव्हता. मघाशी शेजारच्या खोलीत दूध उतू जाऊन करपलं, सगळ्यांच्या माना वळल्या. साहेब मात्र शांतपणे चष्मा पुसत राहिले. एकाग्रता म्हणतात ती हीच, असं धाकट्यांनी मनात टिपून घेतलं. गेली दोन वर्षं साहेबांनी बाईंच्या वाणाला आठाच्या खाली उतरू दिलं नव्हतं. बाई साहेबांना घरून डबा आणत असणार, असं सहकारी चिडवायचे.

रिवाजाप्रमाणे घोट आधी इतरांनी घेतला, मग साहेबांनी. बाईंच्या जिभेवर आधी गोडी आली. ओळखीचं माणूस अवचित भेटावं तशा त्या हसल्या. पेल्याच्या काठावरून बघत साहेब म्हणाले, "स्वच्छ. नऊ."

पेन कागदाला टेकणार, तेवढ्यात बाईंच्या घशातून तो वर आला. हिरवट, चिवट, कच्च्या शेंगेचा वास. मागच्या वर्षीही आला होता. तेव्हा त्यांनी तो भांड्याच्या माथी मारला होता. आज भांडं कोरं करकरीत होतं.

समोरच्या सहकाऱ्याचा वाण बहुधा दुसऱ्या पेल्यात होता. त्याच्या नाकपुड्या हलल्या, तोंड उघडलं नाही. नाकसाहेबांच्या कामात नाक कोण खुपसणार? तो पेल्याच्या तळाशी काहीतरी शोधत बसला.

गप्प राहिलं तर अकरा वर्षांचं सोनं. बोललं तर अकरा वर्षं बासनात, वर भरल्या खोलीत साहेबांचा अपमान. बाईंनी आणखी एक घोट घेतला. वास जागचा हलला नव्हता.

"साहेब, तिसऱ्याला वास आहे," त्या म्हणाल्या. "कच्चा. घोट उतरल्यावर येतो."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गुणांचा कागद फिरवून बाईंपुढे सरकवला, त्यावर पेन ठेवलं.

"मग गुण तुम्हीच घाला, बाई. दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं. तेव्हापासून मी तुमच्या चेहऱ्याकडे बघूनच गुण देतोय."